पक्षाघातातील साध्यासाध्यत्व : शब्द देण्यापूर्वी

पक्षाघाताच्या रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक रोगाचे कारण फारसे विचारीत नाहीत. पथ्यापथ्यही मागाहून विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वैद्यराज, हे पुन्हा चालतील का? हात पूर्वीसारखा होईल का?" या प्रश्नास जे उत्तर मिळते त्यावर घरातील अनेक व्यवहार अवलंबून असतात. शेताचा तुकडा गहाण टाकावयाचा का, मुलाने शहरातील नोकरी सोडून गावी यावयाचे का, दुकान चालू ठेवावयाचे की भाड्याने द्यावयाचे, हे सर्व त्या एका वाक्यावर ठरते. असे असता आपल्यापैकी पुष्कळ जण "औषध सुरू करू, मग बघू" एवढे बोलून तैलाची बाटली व गुटिकांची पुडी हाती देतात, किंवा याच्या उलट, पहिल्याच भेटीत "तीन महिन्यांत उभे करतो" असा शब्द देऊन मोकळे होतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे शास्त्रास धरून नाहीत.

शास्त्रकारांनी साध्यासाध्यत्वाचा विचार चिकित्सेच्या आधी मांडला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते असे बजावले आहे, आणि अरिष्टविचारासाठी इंद्रियस्थानाचे बारा अध्याय स्वतंत्रपणे खर्ची घातले आहेत. पक्षाघाताविषयी सुश्रुताचार्यांचे निदानस्थानातील मत आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले आहे : केवळ वाताने झालेला पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य, अन्य दोषाच्या संसर्गाने झालेला साध्य, आणि धातुक्षयातून उद्भवलेला असाध्य. माधवनिदानात गर्भिणी, सूतिका, बाल, वृद्ध, क्षीण व रक्तस्राव झालेला यांचा, तसेच वेदनारहित पक्षाघात वर्ज्य सांगितला आहे. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत अशा गंभीर स्थानगत विकारांविषयी ते यत्नाने बरे होतात किंवा होतही नाहीत, असे सरळ मान्य करून नवीन, बलवान व उपद्रवरहित रुग्णच हाती घ्यावा असे म्हटले आहे.

परंतु प्रत्यक्ष रुग्णशय्येजवळ आम्हांस सर्वाधिक उपयोगी वाटते ते सुश्रुताच्या चिकित्सास्थानातील पाचव्या अध्यायातील एक लहानसे विधान. तेथे कोणत्या पक्षाघाती रुग्णावर उपचार करावा याच्या चार अटी दिल्या आहेत : ज्याचे गात्र म्लान झालेले नाही, ज्यास वेदना आहे, जो आत्मवान आहे आणि ज्याच्याजवळ उपकरणे आहेत. परीक्षेपुरते पाठ करून पुढे विसरले जावे असे हे विधान नव्हे.

यांपैकी 'सरुज' हा शब्द नवशिक्या वैद्यास कोड्यात टाकतो. वेदना असणे चांगले कसे? माधवनिदानातील वेदनारहितत्वाचा निषेध शेजारी ठेवला म्हणजे उलगडा होतो. चिमटा काढला असता जो अवयव मागे घेतो, ज्याला टाचणीचे टोक कळते, त्याचा मेंदूशी असलेला संबंध पूर्णतः तुटलेला नाही. मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खांद्यात सुरू होणारी वेदना हे शुभलक्षण समजू नये. ती बहुधा लुळा हात ओढून उठविल्यामुळे, निखळू पाहणाऱ्या खांद्यावर जोराचे मर्दन केल्यामुळे उत्पन्न झालेली असते व ती सुधारणेस अडथळाच करते. 'आत्मवान' या शब्दात रुग्णाचे भान, उत्साह व आज्ञापालन तिन्ही येतात. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांस विषाद ग्रासतो हे आता अनेक पाहण्यांतून स्पष्ट झाले आहे. असा रुग्ण व्यायाम करीत नाही, जेवत नाही, आणि घरचे त्यास आळशी म्हणतात. 'उपकरणवान' म्हणजे केवळ श्रीमंत नव्हे. औषध, परिचारक, शुश्रूषा हे सर्व त्यात आले.

आता दोषानुबंधाचा प्रश्न. पित्तानुबंधात दाह, संताप, मूर्च्छा आणि कफानुबंधात शैत्य, शोथ, गुरुत्व ही लक्षणे माधवनिदानात सांगितली आहेत. अलीकडे काही लेखांतून पित्तानुबंधी म्हणजे मेंदूतील रक्तस्राव व कफानुबंधी म्हणजे रक्तवाहिनीतील अवरोध असे सरळ समीकरण मांडलेले दिसते. चिकित्सेच्या दिशेसाठी दोषविचार अवश्य करावा. पण रक्तस्राव की अवरोध हे नाडीवरून, लक्षणांवरून वा मूर्च्छेवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी सी. टी. स्कॅन लागतो, आणि तो पहिल्या तासांतच लागतो. अवरोध असेल तर गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखविले. रक्तस्रावाच्या रुग्णास तेच विरघळविणारे औषध घातक ठरते. म्हणून नुकताच तोंड वाकडे झालेला, हात गळून पडलेला रुग्ण आपल्या दारी आला तर त्याच्या बाबतीत आपली सर्वांत मोठी चिकित्सा म्हणजे वाहन बोलावणे.

रुग्ण केव्हा बिघडतो याचे ज्ञान आपणांस असावे, कारण रुग्णालयात दाखल केल्यानंतरही नातेवाईक फोन करून विचारतात ते आपणांसच. १९९७ साली अमेरिकेत १०३ रक्तस्रावी रुग्णांचा लागोपाठ स्कॅन करून अभ्यास झाला. त्यात पहिल्या स्कॅननंतर तासाभरात सुमारे २६ टक्के रुग्णांचा रक्तगोळा वाढला व पुढील वीस तासांत आणखी १२ टक्क्यांचा. म्हणजे आगमनसमयी बोलणारा रुग्ण संध्याकाळी बेशुद्ध होणे ही कोणाच्या हलगर्जीपणाची खूण असेलच असे नाही. ती व्याधीची गती असू शकते. मोठ्या अवरोधात बिघाड येतो तो साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, मेंदूस येणाऱ्या सुजेमुळे. रुग्ण अधिकाधिक झोपू लागतो, हाका मारल्यावर उशिरा डोळे उघडतो, डोके दुखते म्हणतो, ओकतो. या स्थितीत साठ वर्षांखालील निवडक रुग्णांत कवटीचा भाग काढून दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेने जगण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेल्याचे २००७ साली तीन चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. ही शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत व्हावी लागते. "झोप लागली आहे, बरे आहे, झोपू दे" हे वाक्य म्हणून धोक्याचे आहे.

बिघाडाचे भाकीत करण्याची खरी संधी मात्र आपणांस त्याही आधी मिळते. हात अर्धा तास बधिर झाला, शब्द अडखळले, आणि मग सगळे पूर्ववत झाले, असा रुग्ण रुग्णालयात जात नाही. तो वैद्याकडे येतो, कारण त्याच्या मते "वारं आलं नि गेलं". आमच्याकडे आलेल्या एका किराणा दुकानदाराचे उदाहरण देतो. वय ६२, मधुमेही, रक्तदाब १६०/९०. आदल्या सायंकाळी वजन करताना उजव्या हातातून माप गळून पडले. चाळीस मिनिटांनी हात पूर्ववत झाला. ते आले होते मालिशचे तेल मागावयास. अशा क्षणिक झटक्यानंतर मोठा झटका येण्याचा संभव मोजण्यासाठी २००७ साली प्रसिद्ध झालेली एक सोपी गुणपद्धती आहे. वय ६० वा अधिक असल्यास १ गुण, रक्तदाब १४०/९० वा अधिक असल्यास १, एका बाजूचे दौर्बल्य असल्यास २, दौर्बल्याविना केवळ वाणीदोष असल्यास १, लक्षणे तासभर वा अधिक टिकल्यास २ व दहा ते एकोणसाठ मिनिटे टिकल्यास १, मधुमेह असल्यास १. आमच्या दुकानदारांचे गुण सहा झाले. सहा वा सात गुण असणाऱ्यांत पुढील दोनच दिवसांत पक्षाघात होण्याचे प्रमाण ८.१ टक्के, चार-पाच गुणांत ४.१ टक्के आणि त्याखाली १ टक्का असे मूळ अभ्यासात आढळले होते. गुण कमी आले म्हणून रुग्णास घरी धाडावे असा याचा अर्थ नाही; आता अशा प्रत्येक रुग्णाची तातडीने तपासणी व्हावी असाच संकेत आहे. गुणांचा उपयोग आम्ही करतो तो नातेवाइकांस पटविण्यासाठी. "काही होणार नाही" म्हणणाऱ्या मुलास "शंभरातल्या आठांना परवापर्यंत होते" असे सांगितले की तो गाडी काढतो. त्या दिवशी तेल दिले नाही. दुकानदारांची मानेतील रोहिणी बरीच आकुंचित झालेली निघाली व त्यावर उपाय झाला.

तीव्र अवस्था ओसरून रुग्ण घरी आला की आपला प्रांत सुरू होतो. येथे पहिली परीक्षा गिळण्याची. ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहीत आहोत, कारण क्वाथ, घृत, मधातून चाटण, दुधातून चूर्ण हे सारे आपले कल्प मुखावाटेच जातात. रुग्ण पूर्ण जागा असताना त्यास ताठ बसवावे, चहाच्या चमच्याने एक-एक घोट पाणी द्यावे, तीन चमचे नीट गेले तर अर्धा पेला द्यावा. ठसका लागला, श्वास लागला किंवा नंतर आवाज ओलसर-घोगरा झाला तर पाणी थांबवून तज्ज्ञाकडे पाठवावे. काही रुग्णांत ठसका न लागताही पाणी श्वासमार्गात उतरते. म्हणून वरचेवर ताप व कफ येणाऱ्या रुग्णाविषयी परीक्षा ठीक वाटली तरी संशय धरावा. ज्यास भान नाही वा गिळता येत नाही त्यास तैलाचे नस्य कदापि देऊ नये. फुप्फुसात उतरलेले तैल स्वतंत्र न्यूमोनिया उत्पन्न करते. पक्षाघाताच्या पहिल्या आठवड्यांतील पुष्कळ मृत्यू मेंदूने होत नाहीत, फुप्फुसाने होतात.

अभ्यंगापूर्वीही एक परीक्षा आहे. लुळ्या पायाची पोटरी सुजलेली, उष्ण व दाबल्यास दुखरी असेल तर शिरेत गुठळी असण्याचा संभव असतो. त्यावर मर्दन केल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात वातव्याधीच्या मारक उपद्रवांत शोथाची गणना केली आहे. त्या शोथाचे व या गुठळीचे ऐक्य आम्ही सांगत नाही. पण सुजलेला अंग पाहून वैद्याने थबकावे हा संकेत दोन्हींकडे सारखाच आहे.

आता मूळ प्रश्न : हात चालेल का, पाय चालेल का? येथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत झालेले काम आपणांस फार उपकारक आहे, कारण त्यासाठी यंत्र लागत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली १८८ अवरोधजन्य रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या ७२ तासांत ज्यांची बोटे थोडी तरी स्वेच्छेने सरळ होत होती व ज्यांचा हात खांद्यापासून थोडा तरी बाजूस उचलला जात होता, त्यांपैकी ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतले होते. ज्यांत ही दोन्ही चिन्हे नव्हती त्यांत २५ टक्के. नवव्या दिवसापर्यंतही ती आली नाहीत तर तो आकडा १४ टक्क्यांवर उतरला. याच गटाने २०११ साली चालण्याविषयी तसेच दाखविले : ७२ तासांत जो आधाराविना तीस सेकंद बसू शकतो व ज्याच्या लुळ्या पायात थोडी शक्ती आहे, तो सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही नसल्यास २७ टक्के, आणि नवव्या दिवशीही नसल्यास १० टक्के. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे याच खांदा-बोटांच्या बलपरीक्षेस वय व मज्जामार्गाची विद्युत्चुंबकीय तपासणी जोडून २०१७ साली एक क्रमपद्धती सिद्ध झाली. तीत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचे भाकीत बरोबर ठरले. म्हणजे उत्तम साधने हाताशी असूनही चौथा रुग्ण भाकिताबाहेर जातोच. आपण एकट्या नाडीवर शंभर टक्क्यांचा शब्द देतो तेव्हा हे ध्यानात असावे.

नवव्या दिवशी आमच्याकडे आणलेल्या एका ५८ वर्षांच्या शेतकऱ्याचे सांगतो. रुग्णालयातून निघताना कोणीतरी मुलास "आता असेच राहणार" असे सांगितले होते. उजवा पाय जड, पण खाटेच्या कडेवर ते आधाराविना बसत होते व गुडघा हलवीत होते. खांदा किंचित उचलला जाई. बोटे मात्र मिटलेली. गात्र म्लान नव्हते, टाचणी कळत होती, भान पक्के. आम्ही मुलास सांगितले की वडील चालतील असे आम्हांस वाटते; हाताविषयी आज शब्द देत नाही, सहाव्या आठवड्यास पुन्हा बोलू. त्यांनी घरात सोपा मोकळा करून भिंतीस बांबू ठोकला. दहाव्या आठवड्यात ते काठीने ओट्यावर आले. हाताने आज ते तांब्या धरतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही.

किती काळ वाट पहावी याचेही उत्तर उपलब्ध आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे १२०० रुग्णांच्या पाहणीत, १९९५ साली, असे आढळले की दैनंदिन व्यवहारांतील सुधारणा ९५ टक्के रुग्णांत साडेबारा आठवड्यांत पूर्ण झाली. सौम्य पक्षाघातात ती साडेआठ, मध्यमात तेरा, तीव्रात सतरा व अतितीव्रात वीस आठवड्यांपर्यंत चालली.

हा आकडा औषधी निर्मात्या व विक्रेत्या बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. पहिल्या तीन महिन्यांत रुग्ण कोणतेही औषध घेवो, बहुतेकांत काही सुधारणा व्हावयाचीच असते. त्या काळात एकांगवीर रस दिला, बृहत् वातचिंतामणी दिला, महामाष तैल चोळले, आणि हात उचलला गेला, तर सर्व श्रेय कल्पाचे असे म्हणता येत नाही. काहीच श्रेय नाही असेही म्हणता येत नाही. ज्यास कल्पाचा गुण सिद्ध करावयाचा आहे त्याने सारख्या तीव्रतेचे दोन गट घेऊन, पहिल्या दिवसाची बलपरीक्षा लिहून, मग तुलना करावी. "नव्वद दिवसांत लकवा बरा" असे फलक लावणे हे शास्त्र नव्हे, आणि औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश असल्याने ते कायद्यासही धरून नाही.

घाईचेही एक उदाहरण बोलके आहे. लवकर उठविले की लवकर बरा होतो या समजुतीने पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उभे करण्याचा प्रयोग २,१०४ रुग्णांवर झाला; त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. चांगली सुधारणा झालेले रुग्ण घाईच्या गटात ४६ टक्के, नेहमीच्या गटात ५० टक्के निघाले. भारतातील चौदा रुग्णालयांत १,२५० रुग्णांच्या नातेवाइकांस घरगुती व्यायाम शिकवून पाहिला, त्याचे फळ २०१७ साली प्रसिद्ध झाले : मृत वा परावलंबी रुग्ण दोन्ही गटांत ४७ टक्के. घरचा माणूस प्रेमाने जवळ असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने 'उपकरणवान' ही अट पुरी होत नाही. शिकलेला हात लागतो. गावोगावी तो कोठून आणावयाचा हा प्रश्न मात्र खरा आहे.

असाध्य म्हणण्याविषयी आम्ही अधिक सावध झालो आहोत. रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी २००१ साली मांडलेल्या एका गुणपद्धतीत शुद्धीची पातळी, रक्तगोळ्याचे आकारमान, पोकळ्यांत उतरलेले रक्त, स्थान व वय यांवरून गुण देतात. तीन गुणांस तीस दिवसांतील मृत्यू ७२ टक्के, चारांस ९७ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका अभ्यासाने निराळीच गोष्ट पुढे आणली : अशा रुग्णांच्या मृत्यूस कारणीभूत घटकांत उपचार मागे घेण्याचा निर्णय हाच सर्वांत प्रभावी होता. वैद्य म्हणतो वाचणार नाही, म्हणून उपचार थांबतात, म्हणून रुग्ण जातो, आणि भाकीत खरे ठरते. चरकाचार्यांनी असाध्यात याप्य असा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. पक्षाघाताचे पुष्कळ रुग्ण त्या वर्गातले असतात. त्यांचा हात परतत नाही, पण ते दहा-पंधरा वर्षे घरात सन्मानाने जगू शकतात. अट एवढीच की पुन्हा झटका येऊ नये.

पुनरावर्तनाचे भाकीत म्हणूनच टाळू नये. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित आकडे पाहता पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण पहिल्या वर्षात सुमारे ११ टक्के, पाच वर्षांत २६ व दहा वर्षांत ३९ टक्के आहे. आपले औषध सुरू होताच रुग्ण रक्तदाबाच्या व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपण होऊन सोडतो, हे आपण सर्व जण पाहतो. ते त्यास पहिल्या भेटीतच विचारावे व त्या गोळ्या चालू ठेवण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. बदल करावयाचा असल्यास तो ज्याने त्या लिहून दिल्या त्याच्याशी बोलूनच व्हावा.

जुन्या रुग्णांविषयी थोडे. सहा महिने उलटून गेलेला रुग्ण आला म्हणजे आम्ही प्रथम बोटेच पाहतो. मनगट व बोटे थोडी जरी मागे वळत असतील तर निरोगी हात बांधून दुर्बल हाताकडून कामे करवून घेण्याचा दोन आठवड्यांचा सराव उपयोगी पडतो, हे २००६ सालच्या, तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत दिसले आहे. बोटे मुळीच हलत नसतील तर आम्ही हाताचा शब्द देत नाही. स्तंभ कमी करणे, खांदा वाचविणे, तळवा स्वच्छ राहील इतका उघडता ठेवणे एवढेच ध्येय सांगतो आणि स्नेहन-स्वेदन त्यासाठी योजतो.

आमच्याकडील रुग्णपत्रिकेवर आता पक्षाघातासाठी निराळा रकाना आहे. त्यात झटक्याचा दिनांक व वेळ, आज कितवा दिवस, खांदा, बोटे, बैठक, गिळणे, टाचणी, लघवीवरील ताबा, मन, पोटरी, रक्तदाब, चालू असलेल्या गोळ्या, आणि शेवटी नातेवाइकांस आज काय सांगितले ते त्यांच्याच शब्दांत. पुढील भेटीस प्रथम ती शेवटची ओळ वाचली जाते.